कृष्णवर्णीय लेखकांची विज्ञानकथा: सुरुवात बटलरपासून करावी की जेमिसिनपासून?

कृष्णवर्णीय लेखकांची विज्ञानकथा वाचायची आहे असे कुणी म्हटले की ऑक्टेव्हिया बटलर आणि एन. के. जेमिसिन ही दोन नावे एका दमात सुचवली जातात. त्यातून वाचणारा बहुतेक वेळा जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' उचलतो, कारण तिच्यावर ह्यूगो या विज्ञानकथेतल्या मानाच्या पारितोषिकाचा शिक्का असतो. मग शंभरेक पानांत दम लागतो आणि पुस्तक कपाटात जाते. कादंबरी उत्तम आहे, पण ती पहिली वाचायची नव्हे.

इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या वाचकाला या पुस्तकांतले विज्ञान सहसा अडवत नाही. अडवते ती निवेदनाची रीत, लेखकाने घडवलेले शब्द आणि बोली. म्हणून निवडताना आधी तीन गोष्टी पाहाव्यात: इंग्रजी किती सरळ आहे, गोष्ट एका खंडात पुरी होते का, आणि हिंसा किती जवळून दाखवली आहे. पारितोषिकांचा विचार त्यानंतर करावा.

बटलरमधले कोणते?

बटलर (१९४७–२००६) कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाची. तिचे इंग्रजी छोट्या, स्वच्छ वाक्यांचे असते, शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. तिच्या पुस्तकांत जड जाते ते जे घडते ते, आणि तिथे ती वाचकाला सवलत देत नाही.

'किंड्रेड' (१९७९) हे आमच्या मते सर्वांत खात्रीचे पहिले पुस्तक. पाने पावणेतीनशेच्या आत, गोष्ट एका खंडात संपूर्ण. लॉस एंजेलिसजवळ राहणारी डेना ही तरुण कृष्णवर्णीय लेखिका १९७६ मध्ये, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, नव्या घरात पुस्तके लावत असताना अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या गुलामगिरीत ओढली जाते. तिथे रूफस नावाचा गोरा मुलगा नदीत बुडत असतो. हा रूफस तिचाच पूर्वज. त्याचा जीव धोक्यात आला की ती तिकडे खेचली जाते, आणि तिला स्वतःचा जीव जाणार असे वाटले की परत येते. नियम एवढाच. तो का चालतो, कोणते यंत्र, कोणती शक्ती, हे पुस्तकात कुठेही सांगितलेले नाही. कालप्रवासाचे गणित सुटलेले हवे असणारा वाचक इथे नाराज होतो. बटलर स्वतःही या कादंबरीला विज्ञानकथा म्हणत नसे.

या कादंबरीची ताकद बारकाव्यांत आहे. पुन्हा केव्हा बोलावणे येईल याचा नेम नाही, म्हणून डेना चाकू आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या असलेली पिशवी अंगाला बांधून ठेवते. स्वयंपाकघराच्या आडोशाला ती नायजेल या गुलाम मुलाला वाचायला शिकवते. मालक पकडतो आणि चाबकाने फोडून काढतो. अक्षर शिकवणे हा गुन्हा कसा ठरतो हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डेनाची खरी कोंडी त्यापुढची आहे: रूफस मोठा होऊन मालक झाल्यावर कितीही क्रूर वागला, तरी तिच्या वंशातली पहिली मुलगी जन्माला येईपर्यंत त्याला जगवणे तिला भाग आहे. पुस्तकात बलात्कार, फटके, माणसांची विक्री हे सगळे आहे, पण चवीने रंगवलेले नाही. या कादंबरीवरून २०१७ मध्ये निघालेली चित्रकादंबरी चांगली आहे. मात्र ती नंतर वाचावी. २०२२ ची दूरचित्रवाणी मालिका एका हंगामातच बंद पडली आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली, त्यामुळे मालिका पाहून पुस्तकाचे काम भागत नाही.

'पॅरबल ऑफ द सोअर' (१९९३) हे अधिक 'विज्ञानकथेसारखे' आहे आणि सध्या त्याचीच चर्चा जास्त होते. ते रोजनिशीच्या रूपात आहे आणि पहिली नोंद २० जुलै २०२४ ची. लॉरेन ओलामिना ही पंधरा वर्षांची मुलगी लॉस एंजेलिसजवळच्या भिंतीआडच्या वस्तीत राहते. बाहेर पाणी पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग झालेले, पोलीस पैसे घेतल्याशिवाय न येणारे, नोकऱ्या नाहीत. समोरच्याची वेदना तिला स्वतःच्या अंगावर जाणवते, आईने गरोदरपणी घेतलेल्या औषधाचा तो परिणाम. हत्यार हाती घ्यावे लागणाऱ्या जगात हा आजार म्हणजे काय, हे बटलरने एकेका प्रसंगातून तपासले आहे.

हे पुस्तक दोन ठिकाणी वाचकाच्या हातून सुटते. एक म्हणजे पहिला निम्मा भाग भिंतीच्या आतच घडतो. वाचक घटनांची वाट पाहतो आणि कंटाळतो. भिंत निम्म्याच्या आसपास पडते. तोवर शेजाऱ्यांची नावे आणि कुणाचे कोण याकडे लक्ष ठेवावे, कारण पुढे कोण वाचले आणि कोण नाही याचे ओझे त्यावरच उभे आहे. दुसरे म्हणजे लॉरेन स्वतःचा धर्म घडवते. 'देव म्हणजे बदल' हे त्याचे सूत्र, आणि भागांच्या सुरुवातीला त्यातल्या ओव्यांसारख्या ओळी येतात. त्या गाळू नयेत. त्या गाळल्या तर मुलगी उत्तरेकडे का चालली आहे तेच कळत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: पुढे अठरा वर्षांच्या लॉरेनचे सत्तावन्न वर्षांच्या माणसाशी नाते जुळते. अनेकांना हे खटकते, आणि ते गैरही नाही.

दुसरा भाग 'पॅरबल ऑफ द टॅलेंट्स' (१९९८). त्यातला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार अमेरिकेला पुन्हा महान करण्याची भाषा बोलतो, म्हणून गेल्या काही वर्षांत हे पुस्तक सारखे उद्धृत होते. पण ते पहिल्याहून बरेच निर्दय आहे. तिसरा भाग बटलरच्या हातून पुरा झाला नाही. पहिला भाग एकटाही नीट उभा राहतो, त्यामुळे तिथे थांबलात तरी गोष्ट अर्धवट राहत नाही.

कादंबरीला वेळच नसेल तर 'ब्लडचाइल्ड अँड अदर स्टोरीज' हा संग्रह घ्यावा. शीर्षककथेला ह्यूगो आणि नेब्युला ही दोन्ही पारितोषिके मिळाली. ती एका बैठकीत होते. परग्रहावर आश्रयाला आलेली माणसे, कीटकांसारखे मोठे यजमान, आणि त्यांची अंडी पोटात वाढवणारा मुलगा. पोट ढवळते; जेवताना वाचू नये. अनेक जण ही गुलामगिरीची कथा समजतात, पण बटलरने कथेनंतरच्या टिपणात ते ठामपणे नाकारले आहे. प्रत्येक कथेमागे असे टिपण आहे. याच संग्रहातली 'स्पीच साउंड्स' ही कथा बसमधल्या मारामारीने सुरू होते. साथीच्या रोगाने लोकांची बोलण्याची, वाचण्याची शक्ती गेलेली असते. नवख्याने ही कथा आधी वाचावी, 'ब्लडचाइल्ड' नंतर. विकत घेताना २००५ ची वाढीव आवृत्ती किंवा त्यानंतरची घ्या, १९९५ च्या पहिल्या आवृत्तीत दोन कथा कमी आहेत.

जेमिसिनकडे केव्हा वळावे

'ब्रोकन अर्थ' त्रयीच्या तिन्ही खंडांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन वर्षे सर्वोत्तम कादंबरीचे ह्यूगो मिळाले. असे त्याआधी कुणालाही जमले नव्हते. पण त्यातला पहिला खंड 'द फिफ्थ सीझन' (२०१५) पहिल्या पानापासून वाचकाकडून काम करून घेते. एक धागा 'तू' असा दुसऱ्या पुरुषात चालतो: लहान मुलाला नवऱ्यानेच मारून टाकल्यावर मुलीच्या शोधात निघालेली एस्सन. दुसरे दोन धागे दमाया या मुलीचे आणि सायनाइट या तरुणीचे. कोणत्या प्रकरणात कोण, हे प्रकरणाच्या शीर्षकातच दिलेले असते. ते ओलांडून पुढे गेले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

सर्वांत जास्त वाचक प्रास्ताविकातच गळतात. तिथे जगाचा अंत, भूगोल, इतिहास आणि डझनभर नवे शब्द एकदम येतात. ते लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करू नये. एकदा सरळ वाचून पुढे जावे, आणि पुस्तक संपल्यावर परत यावे. तेव्हा तेच प्रास्ताविक पूर्ण वेगळे दिसते. शब्दसूची शेवटी आहे. ई-पुस्तकात मागेपुढे करताना जीव जातो, म्हणून ही एक कादंबरी छापील घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगू. सूची चार-पाच प्रकरणे झाल्यावर एकदा सलग वाचली की पुन्हा फारशी लागत नाही. आणि कृपा करून आधी परीक्षणे वाचू नका. तीन धाग्यांचा उलगडा आधी कळला तर निम्मी मजा गेली.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट थांबून पाहावी. या जगात माणसाच्या नावात त्याचे स्वतःचे नाव, मग समाजाने ठरवलेल्या कामाची जात, मग वस्तीचे नाव असते. कुणी 'स्ट्राँगबॅक', म्हणजे अंगमेहनतीचा, कुणी 'लीडरशिप'. दुष्काळात कुणाला वस्तीत ठेवायचे आणि कुणाला भिंतीबाहेर काढायचे ते त्यावरून ठरते. नाव ऐकल्याबरोबर माणसाचे गाव आणि जात ओळखणारा समाज आपण जवळून पाहिला आहे, त्यामुळे ही रचना आपल्याला अमेरिकन वाचकापेक्षा लवकर उमगते. भूकंप थोपवू शकणारे ओरोजीन तर या उतरंडीच्याही खाली. साम्राज्य त्यांच्यावर उभे, आणि त्यांना हाक मारायला शिवी. लहान दमायाला ताबा शिकवण्यासाठी तिच्यावर नेमलेला पालक ('गार्डियन') जाणूनबुजून तिचा हात मोडतो, आणि तेही प्रेमाने बोलत. तो प्रसंग पेलवला तर पुढचे पुस्तक पेलवेल.

बटलरशी ताडून पाहता फरक असा: 'सोअर'मध्ये जग कसे कोसळले ते पगार, पाणी आणि कुंपण यांच्या हिशेबातून कळते, जेमिसिनकडे जमीनच शत्रू आहे आणि हिशेब हजारो वर्षांचा आहे. 'फिफ्थ सीझन' एकटी पुरी होत नाही, मोक्याच्या प्रश्नावर थांबते. तिन्ही खंड मिळून बाराशेहून अधिक पाने वाचायची तयारी असेल तरच हात घालावा. तेवढी नसेल आणि तरी जेमिसिनच हवी असेल, तर 'हाऊ लाँग टिल ब्लॅक फ्यूचर मंथ?' (२०१८) हा २२ कथांचा संग्रह आहे. त्यात चढउतार आहेत, पण लेखिकेचा अंदाज येतो.

नायजेरियन वंशाच्या लेखकांची दोन पुस्तके

न्नेडी ओकोराफोर अमेरिकेत जन्मलेली, आईवडील नायजेरियाचे. तिची 'बिंटी' (२०१५) जेमतेम नव्वद पानांची. नामिबियातल्या हिंबा समाजातली सोळा वर्षांची, गणितात तल्लख मुलगी घरच्यांना न सांगता दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठाकडे निघते. अंगाला लाल माती आणि तेलाचा लेप, आणि तोच लेप पुढे कथेत कामाला येतो. शाळकरी वयातल्या, आठवी-नववीच्या वाचकाला द्यायचे तर या यादीतून हेच. जहाजावरचे हत्याकांड आहे, पण थोडक्यात. उणीव अशी की एवढ्या मोठ्या कत्तलीनंतरचा समेट फार झटपट उरकला आहे. मोठ्यांना तो पटेलच असे नाही. तिन्ही भाग एकत्र असलेला खंड मिळतो, तोच घ्यावा.

ताडे थॉम्पसन हा व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. त्याच्या 'रोझवॉटर'ला २०१९ चे आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळाले. काळ २०६६. परग्रहावरून आलेल्या घुमटाभोवती नायजेरियात एक शहर वसले आहे. घुमट वर्षातून एकदा उघडतो आणि जवळ असलेल्यांचे आजार बरे होतात, काहींची हाडे चुकीची जुळतात, मेलेले उठून चालू लागतात. नायक कारो दुसऱ्यांची मने वाचतो. हे शक्य होते हवेत पसरलेल्या परकीय बुरशीच्या जाळ्यामुळे, म्हणून ते बंद करायचे तर तो अंगाला क्लोट्रिमॅझोल चोपडतो. आपल्याकडे नायट्यावर लावतात तेच मलम! कल्पना एवढी घट्ट बांधलेली असली की विज्ञानकथा वाचण्याचे सार्थक होते. अडचण काळाच्या उड्यांची: प्रत्येक प्रकरणावर ठिकाण आणि साल दिलेले आहे, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कारो भला माणूस नाही, चोरी करतो, बायकांकडे पाहण्याची त्याची नजर खटकते. 'किंड्रेड' आवडली नाही, पण रहस्यकथा आवडतात, अशा वाचकाने इथून सुरुवात करावी.

नंतरसाठी

सॅम्युएल डिलेनीची 'बेबल-१७' (१९६६) दोनशेच्या आसपास पानांची आहे. शत्रूचा गुप्त संकेत उलगडायला बोलावलेल्या कवयित्रीच्या लक्षात येते की तो संकेत नसून भाषा आहे, आणि ती शिकणाऱ्याचा विचारच बदलतो. भाषाशास्त्राची गोडी असणाऱ्याला पर्वणी. त्याच डिलेनीची 'डालग्रेन' (१९७५) मात्र आठशेच्या घरातली आणि मुद्दाम विस्कटलेली. तिच्यापासून सुरुवात करू नये.

नालो हॉपकिन्सनच्या 'मिडनाइट रॉबर'चे (२०००) निवेदन कॅरिबियन बोलीत आहे. पहिली वीस पाने मोठ्याने वाचली की कान लागतो. त्यात बाप मुलीवर अत्याचार करतो, हे माहीत असूनच घ्यावे.

पैसे खर्च करण्याआधी चव पाहायची असेल तर अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांची 'द कॉमेट' (१९२०) ही कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर 'डार्कवॉटर' या पुस्तकात मोफत आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाबद्दल बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले तेच हे ड्यू बॉइस. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. बँकेच्या तळघरात पाठवलेला कृष्णवर्णीय निरोप्या जिम आणि एक श्रीमंत गोरी तरुणी तेवढे उरतात. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, शेवटाकडे भाषा फुलोऱ्यावर येते, पण कथा छोटी आहे. ती भावली तर पुढचे पुस्तक 'किंड्रेड', आणि भाषाच जड गेली तर 'स्पीच साउंड्स'.