थंडरबर्ड आणि गुगल कॉन्टॅक्ट्स : संगणक आणि फोन यांची एकच पत्तायादी

दिवाळी अंक काढणाऱ्यांची पत्तायादी हीच त्यांची खरी पुंजी असते. मे-जूनमध्ये लेखकांना निमंत्रणाची पत्रे ईमेलने जातात तेव्हा मी संगणकासमोर बसलेली असते, आणि सप्टेंबर उजाडला की त्याच लेखकांना, चित्रकारांना, मुद्रितशोधकांना आणि वितरकांना दिवसभर फोन करावे लागतात तेव्हा मी छापखान्यात, एसटीत किंवा एखाद्या जाहिरातदाराच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर असते. आमच्या यादीत सुमारे ९०० नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक देवनागरीत लिहिलेली आहेत. गेले दोन हंगाम ही यादी मी संगणकावर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये आणि अँड्रॉइड फोनवर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये एकत्र चालवते आहे. ही जोडी मला मनापासून पटली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

आधीची व्यवस्था किती त्रासाची होती, ते सांगितल्याशिवाय या सोयीचे मोल कळणार नाही. पूर्वीच्या फोनबरोबर केबल जोडून चालणारा एक प्रोग्रॅम मिळाला होता. तो संगणकावरची यादी फोनमध्ये आणि फोनवरची संगणकात ओतत असे, आणि एखाद्या नोंदीत दोन्हीकडे फरक दिसला की कोणती नवी आणि कोणती जुनी हे न ठरवता दोन्ही ठेवून देत असे. तीन हंगामांत एका कथाकाराच्या चार नोंदी झाल्या आणि त्यांपैकी तीन क्रमांक बंद पडलेले होते. पुढे फोन बदलताना दुकानातल्या मुलाने, मला मदत व्हावी या चांगल्या हेतूनेच, सगळी नावे सिम कार्डावर उतरवली. सिमवर साधारण २५० नोंदींचीच जागा असते, नावासाठी मोजकी अक्षरे मिळतात, आणि ईमेल पत्त्याला तर बहुधा जागाच नसते. त्यामुळे उरलेल्या नावांची शेपटे तुटली, आणि पाच कुलकर्ण्यांपैकी कथा लिहिणारे कोणते आणि मुखपृष्ठ करणारे कोणते, हे आवाज ऐकून ओळखायची वेळ आली.

थंडरबर्ड आणि गुगल यांच्या जोडणीत यादीच्या प्रती काढल्या जात नाहीत, हा सगळ्यांत मोठा फरक आहे. मूळ नोंद गुगल खात्यात एकाच ठिकाणी राहते, आणि संगणक व फोन दोघेही वेळोवेळी तिच्याशी ताळा करून घेतात. यामागे कार्डडॅव्ह नावाची खुली पद्धत आहे. ती ऑगस्ट २०११ मध्ये आरएफसी ६३५२ या क्रमांकाने, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती नोंदवणाऱ्या दस्तऐवजांच्या मालिकेत, प्रसिद्ध झाली, आणि कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाही. या पद्धतीत प्रत्येक व्यक्ती म्हणजे एक स्वतंत्र कार्ड असते, कार्डाला स्वतःची कायमची ओळख असते आणि मजकुरात बदल झाला की बदलणारी एक खूणही असते. संगणक दर वेळी अख्खी यादी उचलून आणत नाही. कोणत्या कार्डांच्या खुणा बदलल्या एवढे पाहतो आणि तेवढीच कार्डे ताजी करतो. दुबार नोंदी होत नाहीत त्याचे कारण हेच आहे.

थंडरबर्डमध्ये ही सोय ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ९१ या आवृत्तीपासून अंगभूत आहे. त्याआधी तिच्यासाठी वेगळे ॲड-ऑन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, बसवावे लागत. जून २०२२ मधल्या १०२ या आवृत्तीने ॲड्रेस बुकची मांडणीही नव्याने केली आणि ती जुन्यापेक्षा पुष्कळ सुबक आहे. जोडणीला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. ॲड्रेस बुक उघडून नवीन कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक निवडायचे, आपला जीमेलचा पत्ता लिहायचा, समोर येणाऱ्या गुगलच्या खिडकीत लॉगिन करून परवानगी द्यायची आणि दिसणाऱ्या यादीवर खूण करायची. फोनवर तर त्याहूनही कमी काम आहे, कारण फोनमध्ये ते गुगल खाते आधीच असेल तर त्याच्या सिंकमध्ये, म्हणजे आपोआप ताळा करण्याच्या सोयीत, कॉन्टॅक्ट्सचे बटण चालू आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

तरीही ‘माझे सिंक होत नाही’ अशी तक्रार पुष्कळांकडून ऐकू येते, आणि मी ज्यांच्याकडे बसून पाहिले त्यांच्याकडे जवळजवळ प्रत्येक वेळी दोष जोडणीत नव्हता, तर नोंद भलत्याच कप्प्यात साठवलेली होती. फोनवर नवा क्रमांक लिहिताना तो कुठे साठवायचा हे विचारले जाते, आणि घाईत तिथे ‘फोन’ किंवा ‘सिम’ असे निवडले गेले तर ती नोंद त्या फोनबाहेर कधीच जात नाही. संगणकाच्या बाजूलाही असाच कप्पा आहे. आपण ज्यांना पत्र पाठवतो त्यांचे पत्ते थंडरबर्ड आपणहून ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाच्या पुस्तिकेत टाकतो, आणि ही पुस्तिका फक्त त्या संगणकावर असते. सेटिंग्जमधल्या कंपोझिशन या भागात ही जागा बदलून तिथे गुगलची यादी निवडता येते. मात्र मग ज्यांना एकदाच उत्तर पाठवले तेही फोनमध्ये येऊन बसतात. मी विचार करून ती सोय पूर्ण बंद ठेवली आहे आणि नवे नाव दर वेळी हाताने घालते. वेब जीमेलमधून पत्र पाठवले तर तो पत्ता ‘अदर कॉन्टॅक्ट्स’मध्ये जातो, आणि तो भागही फोनच्या यादीत उतरत नाही.

देवनागरीच्या कसोटीवर ही जोडी उतरली, याचे मला विशेष समाधान आहे. जुन्या फोनने काढून दिलेली फाईल मी एकदा साध्या नोटपॅडमध्ये उघडली होती. व्हीकार्ड म्हणजे नाव-पत्ते साठवण्याचा फाईलप्रकार; त्याच्या २.१ या जुन्या आवृत्तीत देवनागरी अक्षरे सरळ न लिहिता संकेतात लिहिली जातात, त्यामुळे ‘आई’ या दोन अक्षरांच्या जागी सहा बरोबरची चिन्हे आणि प्रत्येकामागे रोमन अक्षरे-आकड्यांची एकेक जोडी, अशी अठरा खुणांची माळ दिसत होती. हा संकेत न उलगडणारा प्रोग्रॅम तीच माळ नाव म्हणून दाखवतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल, एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठी नावांचा कसा चिखल होतो, हेही अनेकांनी अनुभवले असेल. कार्डडॅव्हच्या मार्गाने मात्र जोडाक्षरे, रफार, ‘ॲ’ आणि ‘ळ’ जसेच्या तसे पोचतात. ‘ज्येष्ठ’, ‘कऱ्हाड’ आणि ‘ॲड.’ असे शब्द मुद्दाम घालून मी दोन्हीकडे तपासले आहे. शोधतानाही अडचण येत नाही: नाव देवनागरीत असले तरी पत्त्याच्या रकान्यात ईमेलची पहिली दोन-तीन रोमन अक्षरे लिहिली की थंडरबर्ड ती व्यक्ती समोर आणतो, त्यामुळे दर वेळी कळफलक बदलावा लागत नाही.

वेगाविषयी थोडे सांगते. फोनवर केलेली दुरुस्ती इंटरनेट चालू असेल तर लगेच गुगलकडे जाते. थंडरबर्ड मात्र मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी विचारणा करतो. घाई असेल तेव्हा पुस्तिकेच्या नावावर उजवे क्लिक करून सिंक्रोनाइज म्हणता येते.

एक उणीव मला खरोखर जाणवते. कार्डडॅव्हने जोडलेल्या पुस्तिकेत थंडरबर्डला गटयादी, म्हणजे एका नावावर अनेकांना पत्र पाठवण्याची सोय, करता येत नाही. वितरकांना एकच पत्र पाठवायचे असते तेव्हा मला त्यांची वेगळी यादी संगणकावरच्या स्थानिक पुस्तिकेत ठेवावी लागते आणि वितरकाचा पत्ता बदलला की तिकडेही हात फिरवावा लागतो. ज्यांचे काम प्रामुख्याने गटपत्रांचे आहे त्यांनी जोडणी करण्यापूर्वी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट उणीव म्हणता येणार नाही, पण तिच्याबद्दल सावध राहावे लागते. नोंद एकच असल्यामुळे ती एका ठिकाणी पुसली की सगळीकडून पुसली जाते. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेली नोंद ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तेवढ्याच मुदतीत अख्खी यादी आधीच्या स्थितीला नेता येते. पण अंकाचे काम वर्षातून एकदाच येते, आणि ऑक्टोबरमध्ये चुकून पुसलेले नाव पुढच्या मे महिन्यातच आठवते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी थंडरबर्डमधून पूर्ण यादी व्हीकार्ड फाईल म्हणून काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवते. जोडणी करण्याच्या आदल्या दिवशीही अशी प्रत अवश्य काढावी.

या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते, आणि तिच्याबद्दल मी फार आग्रही आहे. आमच्या यादीत अशा ज्येष्ठ लेखिका आहेत ज्यांनी घरचा क्रमांक केवळ विश्वासाने दिलेला आहे. पूर्वी हे क्रमांक कार्यालयातल्या वहीत होते. आता ते खिशातल्या फोनमध्ये आहेत, आणि फोनमधल्या ज्या ज्या ॲपला आपण कॉन्टॅक्ट्सची परवानगी देतो त्याला ते वाचता येतात. यासाठी मी अंकाचे गुगल खाते स्वतःच्या खात्यापासून वेगळे ठेवले आहे आणि परवानग्यांची यादी उघडून किराणा, टॅक्सी आणि खेळ यांच्या ॲपना दिलेली मुभा काढून घेतली आहे. ज्यांना गुगलकडेच यादी ठेवायची नसेल त्यांना कार्डडॅव्ह देणारी दुसरी सेवा किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारा नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रॅम वापरता येतो. त्यासाठी अँड्रॉइडवर डॅव्ह-एक्स-फाइव्ह हे ॲप लागते; ते एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या भांडारावर मोफत आणि प्ले स्टोअरवर विकत मिळते. आयफोनला वेगळे ॲप लागत नाही, कारण त्याच्या सेटिंग्जमध्येच कार्डडॅव्ह खाते जोडता येते.

यंदा जूनमध्ये आमच्याकडे एक नवी सहसंपादिका आली. पूर्वी नव्या माणसाला यादी द्यायची म्हणजे दोन दिवस वहीतून उतरवून घेण्यात जात. या वेळी तिच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड बसवला, अंकाचे खाते जोडले, आणि चहा येईपर्यंत ९०० नावे तिच्या पडद्यावर होती. त्याच आठवड्यात मी छापखान्यात कागदाचे नमुने पाहत असताना, सांगलीच्या वितरकांना फोन लावायला म्हणून त्यांची नोंद उघडली, तर तिथे नवा क्रमांक आणि नव्या दुकानाचा पत्ता होता. तो तिने सकाळी कार्यालयात बसून दुरुस्त केला होता. मी तोच क्रमांक लावला आणि वितरकांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.