गुऱ्हाळासाठी घेतलेला पाठीवरचा फोम सेट, वापरून बघितला

८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासनं आगीची धास्तीच बसलीय, म्हणून गुऱ्हाळावर हा आग विझवायचा कॉम्प्रेस्ड एअर फोमचा (दाबाच्या हवेनं फेस करणारा) सेट घेतला. यंदा चिपाडाच्या गंजीनं पेट घेतला आणि खरं सांगतो, लई कामाला आला. टाकी १० लिटरचीच, पण पाणी, फोमचं लिक्विड आणि सिलेंडरमधली हवा नोझलच्या आधीच मिसळते त्यामुळं दाढीच्या साबणासारखा घट्ट फेस येतो आणि उभ्या गंजीला चिकटून बसतो, नुसतं पाणी मारलं की वरनं ओघळून जायचं आणि आत धुमसतच राहायचं. फोमचं पाणी चिपाडात मुरतं, वरचा थर हवा तोडतो. तरी गंजी उपसून परत मारावाच लागला, ते काय चुकत नाही.

भरल्यावर जड होतो, आमच्या आबांना पेलला नाही. सिलेंडर परत भरून आणायला दोन दिवस गेले, एक जादा घेऊनच ठेवा. आणि मोटारीच्या चालू करंटवर अजिबात मारू नका, आधी मेन स्विच पाडा. १०१ ला फोन मात्र पहिल्यांदा करा भावांनो, सेट नंतर उचला.