मुत्रिकूचं लाटवीज केंद्र: बांधणी दणकट, उत्पन्न बेताचं

स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू बंदराच्या लाटरोधक भिंतीतच बसवलेलं हे केंद्र 2011 मध्ये सुरू झालं. भिंतीतल्या कोठडीत लाट शिरली की पाणी चढतं आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर जाते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. वेल्स टर्बाइनची पाती सममित असल्यानं हवा कुठूनही आली तरी रोटर एकाच दिशेनं फिरतो. पाण्यात एकही फिरता भाग नाही, दुरुस्तीला बोट लागत नाही. लाटविजेत ही सोय फार मोलाची आहे.

उत्पादनाला मात्र आम्ही कमीच गुण देऊ. 18.5 किलोवॉटचे 16 संच, एकूण 296 किलोवॉट. वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालले तर सुमारे 2,590 मेगावॉट-तास व्हायला हवेत. प्रत्यक्षात क्षमतेचा वापर 11 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम 285. हवेचा वेग मर्यादेपलीकडे गेला की वेल्स टर्बाइन स्टॉल होतं: पात्यांवरून प्रवाह सुटतो, आवाज वाढतो आणि ऐन मोठ्या लाटेला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कोसळतो. लाट अगदीच बारीक असली तर जनरेटर मोटरसारखा चालून ग्रिडचीच वीज खातो. तेव्हा व्हॉल्व्ह मिटून संच थांबवलेला बरा.

ग्रिडच्या दृष्टीनं खरी कटकट चढउताराची. लाट 10 सेकंदांची असेल तर चढताना एक आणि उतरताना एक, असा दर 5 सेकंदांनी विजेचा हिसका येतो. सगळ्या कोठड्यांत लाट एकाच क्षणी पोचत नाही, म्हणून बेरीज काहीशी सपाट होते. रोटरचं जडत्वही कामी येतं, पण त्यासाठी वेग कमीजास्त होऊ देणारा कन्व्हर्टर (जनरेटरची वीज ग्रिडजोगी करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) हवा. उरलेल्या हेलकाव्यांसाठी बॅटरीच्या मागे लागू नये. समजा, सरासरी 100 किलोवॉट आहे आणि वीज 0 ते 200 मध्ये साइन लहरीसारखी हलते. मग एका हेलकाव्यात साठवायची ऊर्जा 100 × 5 ÷ 3.14, म्हणजे 159 किलोज्यूल. 0.05 युनिटसुद्धा नाही! कन्व्हर्टरमधल्या डीसी बसवर (एकदिश विजेच्या जोडणीवर) सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज झटपट साठवून परत देणारा घटक, लावला की भागतं. बॅटरीवर हेच काम टाकलं तर दिवसाला 17,280 छोटी चक्रं तिच्या माथी येतात.

लांब, अशक्त फीडरच्या (वीजवाहिनीच्या) टोकाला असं केंद्र जोडायचं असेल तर फ्लिकरची, म्हणजे व्होल्टेज हलल्यानं दिवे लुकलुकण्याची, तपासणी आधी करा. तासाच्या सरासरीत हे हिसके दिसतच नाहीत, त्यामुळे पुरवठादाराकडून दर सेकंदाची नोंद मागा, आणि ग्रिडमधून ओढलेली वीज त्यात वेगळी दाखवली आहे ना, तेही पाहा.