ज्येष्ठ चालकांची तपासणी: जरूर करून घ्या, पण वेळ सकाळचीच मागा

माझं वय ७२. नैराश्यासाठी सकाळी सर्ट्रालिन आणि झोपेसाठी रात्री क्लोनाझेपाम घेतो. गाडी अजून स्वतःच चालवतो. मुलीनं आग्रह धरला म्हणून औषधं आणि ड्रायव्हिंग दोन्ही एकत्र पाहणारी ही तपासणी करून घेतली.

सगळ्यात मोलाचा वाटला तो पहिला भाग. गाडीला हात लावायच्या आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं आपल्याला नीट जमतात का हे पाहणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी घरून आणलेली औषधं टेबलावर मांडायला लावली, चिठ्ठीशिवाय घेतलेलीसुद्धा. एकेक पट्टी हातात घेऊन विचारत होत्या, कधी घेता, उठता किती वाजता, गाडी कधी काढता? सर्दीच्या क्लोरफेनिरामिनपाशी त्या थांबल्या. झोपेच्या गोळीवर ही घेतली की गुंगी आणखी वाढते, हे मला गोळी लिहून देतानाही कुणी सांगितलं नव्हतं. सांगायलाच हवं होतं! क्लोनाझेपाम निम्मं उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आजची गोळी घेताना कालचीही अंगात असते. आपल्याला तरतरीत वाटतं, पण ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो. गोळी मनानं एकदम बंद मात्र करायची नाही, झटके येऊ शकतात, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. नैराश्यावर उपचार घेतले नाहीत तरी रस्त्यावरचं लक्ष उडतंच.

मग कागदावर आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं रेघेनं जोडायची चाचणी झाली. नंतर शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असलेली गाडी घेऊन रस्त्यावर. समोरून वाहनं येत असताना वळण घ्यायला मी किती वेळ लावतो, आरशात केव्हा पाहतो, सगळं टिपलं. कुठेही म्हातारा म्हणून वागवलं नाही.

खटकलं ते एवढंच, की माझी चाचणी दुपारी घेतली. मी गाडी काढतो भल्या सकाळी, रात्रीच्या गोळीचा अंमल जास्त असतो तेव्हा. दुपारच्या निकालावरून सकाळचं काय कळणार? डॉक्टरांनी अहवाल पाहून गोळी हळूहळू कमी करायला घेतली आहे, तोवर गाडी मुलगी चालवते. पुढच्या चाचणीसाठी सकाळची पहिली वेळ हट्टानं मागितली, आणि त्यांनी दिलीही.

जाताना गाडी चालवणारं कुणीतरी सोबत न्या. निकाल विरुद्ध गेला तर स्वतः चालवत परतता येणार नाही.