सोलर-पवनचक्की हायब्रिड किट : सोलरला डिस्टिंक्शन, चक्की काठावर पास

डोंगरावरच्या वायरलेस रिलेसाठी (एका बाजूचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं ठाणं) घेतलेलं हे किट आता सगळ्या ऋतूंतून निघालंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या साइजची बरीच किटं आतून जवळजवळ सारखीच असतात, स्टिकर तेवढं बदलतं. बॉक्समध्ये काय मिळालं तर 200 वॉटची दोन पॅनल, 400 वॉट असं ठळक छापलेली छोटी पवनचक्की (पात्यांचा व्यास साधारण 1.2 मीटर), दोन्हीसाठी एकच एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा), 24 व्होल्ट 100 एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि एक डंप लोड (तो काय ते खाली सांगतो).

आधी लोड, म्हणजे किती वीज लागते ते सांगतो कारण त्याशिवाय बाकी आकड्यांना अर्थ नाही. दोन दिशांना दोन रेडिओ आणि एक छोटा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा), सगळं मिळून 20 वॉट. ऐकायला काहीच नाही, एका बल्बाएवढं, पण रेडिओ रात्री झोपत नाहीत ना, 24 तासांचे झाले 480 वॉट-तास, रोजचे, सुट्टी नाही.

सोलरबद्दल तक्रारच नाही. चांगल्या उन्हात ही दोन पॅनल दिवसाला 1200 वॉट-तासांच्या आसपास देतात म्हणजे लोडच्या अडीचपट, दुपारच्या आत बॅटरी फुल्ल. गच्च ढगाळ दिवशी मात्र पॅनल 10 ते 25 टक्क्यांवर येतं, म्हणजे 120 ते 300 वॉट-तास, रोज थोडा खड्डा पडत जातो. बॅटरीतले 80 टक्के वापरायचे धरले तर 2000 वॉट-तास हातात असतात, म्हणजे सलग ढग असले तरी पाच-सहा ते दहा-अकरा दिवस लिंक जिवंत राहते. ऊन शून्य धरलं तरी चार दिवस निघतात. एवढ्या किटमध्ये हे खरंच चांगलं आहे. बर्फाच्या जागी लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, ही बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) थंडीत चार्जिंग बंद करायची सोय आहे का ते घेण्याआधी विचारा.

आता पवनचक्की. ते 400 वॉट आहेत 12.5 मीटर प्रति सेकंद वाऱ्याला, म्हणजे ताशी 45 किलोमीटर. एवढा वारा दिवसभर कुठे असतो सांगा! आणि वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात बदलते, वेग निम्मा झाला की पॉवर आठवा हिस्सा. त्या हिशोबाने सेकंदाला 5 मीटरच्या वाऱ्यात, ज्याला आपण बरा वारा म्हणतो, हातात येतात 25 वॉट. 3 मीटरला पाती फिरताना दिसतात, बघून बरं वाटतं, बॅटरीत चार-पाच वॉट गेले तरी खूप. यात कंपनीने फसवलंय असं नाही म्हणणार, बेट्झच्या नियमाप्रमाणे कुठलीच चक्की वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढू शकत नाही आणि एवढ्या छोट्या चक्कीने 25-30 टक्के काढले तरी ते ठीकच, पण वाऱ्याचा वेग बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात आणि 400 समोर एवढं मोठं, हे काय बरोबर नाही.

तरी पण पूर्ण नावं ठेवणार नाही. 5 मीटरचा वारा रात्रंदिवस असेल तर 25 गुणिले 24 म्हणजे 600 वॉट-तास, लोड एकट्या चक्कीवर निघाला की! वादळी ढगाळ हवेत पॅनल झोपलेली असताना आमच्या चक्कीने खरंच बॅटरी उचलून धरली, रात्रभर आकडा खाली आला नाही. उलट धुकं आणि हवा गप्प अशा दिवसांत दोन्हीकडून बोंब. म्हणजे प्रश्न सरळ आहे, तुमच्या जागी ढग आले की वाराही येतो का? येत असेल तर घ्या, नाहीतर तेच पैसे तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलला घाला, फिरणारा पार्टच नाही म्हणजे बेअरिंगचं टेन्शन नाही. आणि वारा अंदाजाने ठरवू नका, वेग मोजायचं यंत्र काही महिने त्याच उंचीवर लावून ठेवा.

सेटअप मॅन्युअलमधल्या चित्रात चक्की रेडिओच्याच मास्टवर (खांबावर) टोकाला दाखवलीय. तसं अजिबात करू नका. चक्कीचं व्हायब्रेशन मास्टमध्ये उतरतं, नट ढिले होतात आणि लांबच्या लिंकच्या डिशचा बीम (सिग्नलचा झोत) जेमतेम पाच-सहा अंशांचा असतो, थोडी हलली तरी सिग्नल पडतो. वेगळा खांब, ताण द्यायला वायर, आणि तोही असा की त्याची सावली पॅनलवर येणार नाही, कारण पॅनलच्या एका पट्टीवर सावली पडली तरी आउटपुट त्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त पडतं. शिवाय झाडं, खोली, टाकी यांच्या आडोशाला चक्की लावून उपयोग नाही, आजूबाजूच्या 100-150 मीटरमधल्या सगळ्यांपेक्षा 9-10 मीटर वर पाहिजे. एवढा खांब किटमध्ये येत नाही हे सांगायला नकोच.

डंप लोड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बॅटरी भरली की पॅनलचं कनेक्शन नुसतं तोडलं तरी चालतं, पण जोराच्या वाऱ्यात चक्कीचं तोडलं तर ती बेफाम फिरते, व्होल्टेज वर जातं, पाती तुटायची भीती. म्हणून जास्तीची वीज एका रेझिस्टरमध्ये जाळतात. आता हा तापणारा रेझिस्टर कंपनीने बॅटरीच्याच कॅबिनेटमध्ये बसवायला दिलाय!! आम्ही तो बाहेर जाळीच्या आत लावला. ब्रेकचा स्विच आहे, तो चक्कीच्या तिन्ही फेज (वायरी) एकमेकींना जोडून शॉर्ट करतो, चांगला चालतो, फक्त वारा मंदावल्यावर टाका.

कंट्रोलरवर सगळ्यात जास्त राग. लिथियम बॅटरीसोबत विकताय आणि फॅक्टरी सेटिंग लेड-ॲसिडचं, वर इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मधूनमधून द्यायचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) चालू. ते तसंच राहिलं तर व्होल्टेज वर जाऊन बीएमएस बॅटरी कट करतो, चक्की फिरतच असते, आणि तो झटका सरळ रेडिओकडे. चालू करायच्या आधी हे बदला. लोड तोडायचा आणि परत जोडायचा व्होल्टेज पण एकमेकांच्या फार जवळ दिलाय, बॅटरी उतरली की रेडिओ बंद-चालू-बंद असा खेळ सुरू होतो, मधलं अंतर वाढवा.

मॉनिटरिंगला ॲप आहे, ब्लूटूथवाला. डोंगर चढून बॅटरीशेजारी उभं राहूनच बघायचं तर मल्टीमीटर काय वाईट? सुदैवाने आरएस-485 पोर्ट (वायरने आकडे बाहेर काढायचा) आहे, त्याला मॉडबस (त्या पोर्टची भाषा) ते इथरनेट कन्व्हर्टर लावला की आकडे त्याच लिंकवरून खाली येतात. अलर्ट बॅटरी बऱ्यापैकी शिल्लक असतानाच येईल असा लावा, लिंक पडल्यावर सांगणार कोण?

इन्व्हर्टर दिला नाही हे फार आवडलं. छोटा इन्व्हर्टर रिकामा बसला तरी 10 वॉट खातो, म्हणजे आपला अर्धा लोड फुकट. 24 व्होल्ट सरळ डीसीवर चालवा, फक्त चार्ज होताना ही बॅटरी 29 व्होल्टपर्यंत जाते, तेव्हा रेडिओला किती झेपतं ते बघा नाहीतर मध्ये डीसी-डीसी रेग्युलेटर टाका. पॅसिव्ह 24 व्होल्टचं पीओई (समोर काय आहे ते न तपासता सरळ वीज सोडणारं) आणि 48 व्होल्टचं स्टँडर्ड पीओई यांची सरमिसळ करू नका. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर आणि अर्थिंगचं सामान किटमध्ये नाही, वेगळं घ्या.

माझे स्टार : पॅनल आणि बॅटरी साडेचार, कंट्रोलर दोन, चक्की अडीच, वाऱ्याची जागा असेल तर चार. डंप लोडच्या जागेबद्दल आणि त्या फॅक्टरी सेटिंगबद्दल कंपनीला मेल टाकलाय, काही उत्तर आलं तर इथेच अपडेट करतो.