किलोवर काय द्यावं आणि काय देऊ नये, हे सांगणारं भंगारचं दुकान

लातुरात रेणापूर नाक्याच्या बाजूला मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडमध्ये एक भंगारचं दुकान लागतं. दुकानाला बोर्ड नाही. मालकांना सगळे चाचा म्हणतात, त्यामुळं मीही तेच म्हणते. गेलं वर्षभर घरातलं नको असलेलं सामान आम्ही इथंच आणतोय आणि त्यातून आलेला पैसा कर्जात भरतोय. भंगारच्या दुकानाबद्दल कुणी सविस्तर लिहीत नाही. पण हातात पैसा कमी असताना असं दुकान माहीत असणं किती कामाचं असतं, ते मी अनुभवलंय.

कर्ज कशाचं, तर लातुरातल्या बऱ्याच घरांत जे असतं तेच. थोरल्याची अकरावी-बारावीची ट्यूशन, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्याच वर्षी गावाकडचं सोयाबीन काढणीच्या वेळी पाण्यात गेलेलं. दागिने तारण ठेवले, बचत गटातून उचल घेतली, तरी भागेना म्हणून दवाखान्याचं शेवटचं बिल क्रेडिट कार्डावर गेलं. कार्डाची बाकी ३८ हजार होती. सोन्यावरच्या कर्जाला वर्षाला दहा-बारा टक्के व्याज आहे, कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे वर्षाला सरळ हिशेबानं ४२ टक्के, आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. नुसतं व्याजच महिन्याला १३३० रुपये. म्हणून ह्यांनी आणि मी ठरवलं, की पगारातून हप्ते जातील तसे जाऊ देत, घरातल्या अडगळीतून जे निघेल ते सगळं कार्डात. सासूबाईंचा जीव दागिन्यांत अडकलेला, साहजिकच आहे. पण त्यांना कागदावर दोन्ही व्याजं शेजारी शेजारी मांडून दाखवली तेव्हा त्याच म्हणाल्या, आधी ते कार्ड मिटवा.

भंगार विकून सगळं कर्ज फिटतं असं मी म्हणत नाही. घराचं माप आणि माळ्यावरचं सामान पाहून प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. आमच्या कार्डाच्या बाकीतला चांगला मोठा घास मात्र माळ्यानंच भरला, आणि तो का भरला याचं बरंचसं श्रेय या दुकानाला आहे.

आधी काट्याबद्दल. गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या एकाला आम्ही रद्दी दाखवली होती. त्याच्याकडं हातात धरायचा ताणकाटा. त्यानं गठ्ठा उचलला आणि १९ किलो सांगितला. तोच गठ्ठा चाचांच्या काट्यावर २६ भरला. सात किलोचा फरक, किलोला १४ रुपयांनी अठ्ठ्याण्णव रुपये. ज्याच्यावर देणं नाही त्याला हे किरकोळ वाटेल. आमच्याकडं त्या अठ्ठ्याण्णव रुपयांना जायला जागा ठरलेली होती.

चाचांचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, जमिनीवर ठेवलेला, आकडे गिऱ्हाईकाच्या बाजूला दिसणारे. शेजारी २० किलोचं छाप मारलेलं लोखंडी वजन कायम ठेवलेलं असतं. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ते वजन काट्यावर ठेवून दाखवतात, मग माल चढतो. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र शेडच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेलं आहे, आणि मी तारीख वाचली तेव्हा ते चालू वर्षाचं होतं. दुसऱ्या कुठल्या दुकानात जाणार असाल तर हे प्रमाणपत्र मागा, किंवा पाच किलोची सीलबंद पिठाची पिशवी सोबत न्या आणि आधी ती ठेवून बघा. कुणाला राग आला तर तिथं माल देऊ नका.

आता बंबाची गोष्ट, कारण हे दुकान कसं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंच्या लग्नात आलेला तांब्याचा पाणी तापवायचा बंब न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून होता. बूड काळं पडलेलं, कल्हई कधीच उडालेली, तोटी गळकी. सोलर बसल्यापासून त्यात पाणी तापलं नव्हतं. बाजारातल्या भांड्यांच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी नुसतं बघूनच दीड किलो घट धरली आणि वर नवीन भांडी घेतली तरच चांगला भाव म्हणाले. आम्हाला भांडी नको होती, रोख हवी होती. चाचांकडं नेला तेव्हा सासूबाई हट्टानं सोबत आल्या. चाचांनी त्यांना खुर्ची दिली, म्हणाले, "मावशी, तुमच्यासमोर खोलतो. एकेक बघा."

पोरानं पान्यानं तोटी काढली. ती पितळेची होती, वेगळी ठेवली. बुडाची जाळी आणि खालचा पाय लोखंडी, छिन्नी लावून तेही वेगळं केलं. आतल्या नळीत साचलेली राख आणि क्षार हातोडीनं ठोकून झाडले, ते जमिनीवर पडले तेव्हा मूठभर पांढरा खडा निघाला. मग तीन वजनं झाली. तांबं ७.४ किलो, पितळ ६०० ग्रॅम, लोखंड २ किलो. त्या दिवशीचा भाव तांब्याला ६५०, पितळेला ४३० आणि लोखंडाला २७. चाचांनी चिठ्ठीवर ओळीनं लिहिलं, ४८१० अधिक २५८ अधिक ५४, बेरीज ५१२२. घट एक ग्रॅमचीही धरली नाही, कारण राख आमच्यासमोरच झाडली होती.

सासूबाईंनी तोटी परत मागितली. चाचांनी काही न बोलता २५८ वर काट मारली आणि तोटी त्यांच्या हातात दिली. ४८६४ रुपये माझ्या खात्यावर आले. संध्याकाळी किराणाच्या यादीला हात लावायच्या आधी मी ते कार्डात भरले. तेवढ्या रकमेवर महिन्याला १७० रुपये व्याज लागत होतं, ते त्या दिवसापासून थांबलं. कार्डाचं व्याज दिवसावर चालतं, म्हणून आलेला पैसा बिलाच्या तारखेपर्यंत धरून ठेवण्यात काही अर्थ नाही. बाकी शिल्लक असेल तर हातात आला की भरून टाकावा.

आमचं पितळी घंगाळ आणि दोन गुंड्या मात्र विकल्या नाहीत. त्या दिवाळीला लागतात आणि घरात सगळ्यांना हव्या आहेत. कर्ज आहे म्हणून घर धुऊन काढायचं, असं आम्ही केलं नाही.

मला चाचांचं सगळ्यात मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काय किलोवर देऊ नका, हे ते स्वतः सांगतात. थोरल्याची नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेशाची, परीक्षा झाल्यावर त्याच्या पुस्तकांची मोठी गोणी आम्ही घेऊन गेलो. मे महिन्यात परीक्षा झाली की ट्यूशन एरियातली होस्टेलं रिकामी होतात आणि गाद्या, टेबलं, कूलर, मॉड्यूलचे म्हणजे क्लासच्या पुस्तकांचे गठ्ठे भंगारात येतात. त्या दिवसांत चाचांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आमची गोणी २२ किलोची, पांढऱ्या कागदाचा भाव १२, म्हणजे २६४ रुपये झाले असते. चाचांनी वरची दोन पुस्तकं चाळली आणि म्हणाले, "ताई, हे किलोवर कशाला देलालाव? पूर्ण सेट हाय, पेनानं लिहिलेलं बी नाही. एखाद्या लेकराला द्या, ते वाचंल तरी."

आम्ही गोणी परत आणली. फोटो काढून थोरल्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. उदगीरहून मुलीला घेऊन आलेल्या एका वडिलांनी पूर्ण सेट अडीच हजाराला नेला. नवा सेट घ्यायचा तर त्यांना त्याच्या कितीतरी पट खर्च आला असता. सोडवलेले टेस्ट पेपर, झेरॉक्स आणि फाटक्या नोट्स तेवढ्या रद्दीत गेल्या. चाचांचं त्यात उत्पन्न बुडालं, तरी त्यांनी सांगितलं.

टिपाडांचं, म्हणजे पाणी साठवायच्या ड्रमांचंही तसंच. लातूरकराला टिपाडाबद्दल वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात ज्याला जे मिळेल ते भांडं घरात आणून भरून ठेवायची वेळ होती. तेव्हापासून आमच्या गच्चीवर निळी २०० लिटरची पाच टिपाडं उभी होती. पुढं खाली टाकी बांधली, तरी टिपाडं हलवायला कुणाचा हात धजत नव्हता. नळाला अजूनही रोज पाणी येत नाही, त्यामुळं ही भीती उगाच नाही, आणि मी ती कुणाच्या मनातून काढायला जाणार नाही. आम्ही दोन ठेवली आणि तीन काढायची ठरवली. किलोवर एका टिपाडाचे जेमतेम पावणेदोनशे आले असते. चाचा म्हणाले, ही नगावर जातात, फवारणीच्या दिवसांत शेतकरी शोधत असतात. गावाकडं निरोप दिला, तिन्ही साडेचारशेला एक अशी गेली, १३५० रुपये. एवढं लक्षात ठेवा, की टिपाड आधी कशाचं होतं हे माहीत नसेल तर ते पिण्याच्या पाण्यासाठी कुणाला देऊ नका.

जुन्या सुती साड्या चाचांकडं चालत नाहीत. त्यातल्या मऊ साड्यांच्या वाकळी शिवून घेतल्या, बाकीच्या भांडेवालीला दिल्या.

लोखंडी पलंग, कूलरचा गंजलेला पत्रा, मोडकी सायकल, खिडकीचे जुने गज हे सगळं मात्र सरळ काट्यावर. हे पुढं कुठं जातं म्हणून मी विचारलं. लोखंड इथून मोठ्या व्यापाऱ्याकडं आणि तिथून बरंचसं जालन्याला. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत भंगार भट्टीत वितळवून त्याच्या सळ्या होतात. आमच्या धाकटीला हे फार आवडलं. तिच्या पलंगाची सळई होऊन ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार, असं ती शाळेत सांगून आली. ॲल्युमिनियमची डबडी आणि चेपलेली पातेली आम्ही वर्षानुवर्षं कचऱ्यात टाकत नव्हतो, पण विकतही नव्हतो. ॲल्युमिनियम परत वितळवायला नव्यानं तयार करण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणूनच त्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव आहे. ते वेगळं काढून न्या. लोखंडात मिसळून दिलं तर लोखंडाच्याच भावानं जातं.

उणी बाजू पण आहे आणि ती मला लहान वाटत नाही. जुना डब्बा टीव्ही मी तिथं नेला होता. चाचा शंभर रुपये द्यायला तयार होते, पण तो पुढं कुठं जाणार आणि कोण फोडणार याचं नीट उत्तर मिळालं नाही. त्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडंच जायला हवा. वायरी मात्र इथं जाळत नाहीत, पोरं बसून सोलतात, हे मी पाहिलंय. टीव्ही मी परत आणला, तो अजून माळ्यावरच आहे. शंभर रुपयांसाठी ते शिसं कुठल्या तरी लेकराच्या हातात जावं हे मला पटलं नाही. चाचांनी ई-कचऱ्यासाठी एखाद्या नोंदणीकृत रिसायकलरशी जोडून घ्यावं, हे मी त्यांना सांगितलंय आणि इथंही लिहितेय.

दुसरी अडचण गाडीची. माल थोडा असेल तर ते टेम्पो पाठवत नाहीत. आम्ही शेजारच्या दोन घरांना सांगून एकाच दिवशी सगळ्यांचा माल काढला, तेव्हा टेम्पो दारात आला आणि काटाही सोबत आला. चिठ्ठ्या तिन्ही घरांच्या वेगळ्या. ट्यूबलाइट, औषधांच्या बाटल्या आणि फुटकी काच ते घेत नाहीत, ती नेऊ नका. इन्व्हर्टरची बॅटरी घेतात, पण आतलं ॲसिड ओतून न देता जशीच्या तशी आणायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. नवी बॅटरी घ्यायचीच असेल तर जुनी त्याच दुकानात द्या, तिथं जास्त वजा होतात.

भाव रोज बदलतो. सकाळी फोन करून विचारला की चाचा त्या दिवसाचा भाव सांगतात आणि दुपारपर्यंत तोच धरतात. शुक्रवारी एक ते तीन दुकान बंद असतं. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळं लातूर माळे झाडतं आणि काट्यापुढं रांग लागते, तेव्हा बंबासारखं काही खोलून घ्यायचं असेल तर त्या दिवसांत नेऊ नका. पाचपैकी चार गुण देते. राहिलेला एक त्या टीव्हीचा आहे, आणि त्याची सोय झाली की तोही देईन.