प्रापंचिक सेवेसाठी घडण: धर्मग्रामाची जबाबदारी, लीजन, तृतीय संघ की इग्नेशियन साधना?

फादरांनी "आता तुम्हीच पुढे या" म्हटले की काम लगेच मिळते. त्या कामासाठी माणूस घडायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी आपणहून देत नाही. कॅनन 231 ने, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या या कलमाने, ही घडण ऐच्छिक ठेवलेली नाही: ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेला कायमचे किंवा काही काळापुरते वाहून घेणाऱ्या प्रापंचिकाने (धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेल्या श्रद्धावंताने) त्या सेवेसाठी लागणारी घडण घ्यायलाच हवी. तरीही बऱ्याच ठिकाणी माइक आधी हातात येतो आणि प्रार्थनेची सवय "पुढे बघू" म्हणून राहते.

इंदोरच्या मराठी कॅथलिक घराला आणखी एक पेच असतो. वसईहून किंवा नगरकडून आलेल्या घरात जपमाळ मराठीत होते, रविवारची मिस्सा हिंदीत किंवा इंग्रजीत. सभा, पुस्तके, मार्गदर्शन हे सगळे बहुधा हिंदीतच मिळणार. खाली चार वाटांची तुलना करताना ही अडचण लक्षात ठेवली आहे.

थेट धर्मग्रामात जबाबदारी

मिस्सेत बायबलपाठ वाचणारा वाचक, रविवारचे धर्मशिक्षण, कम्युनियन देणारे सेवक, फादरांना सल्ला देणारी पास्टरल कौन्सिल. सर्वांत लवकर दार उघडते ते इथे, आपल्या पॅरिशमध्ये, आणि घडण सर्वांत कमी मिळते तीही इथेच. एखाद्या शनिवारचे शिबिर, एक पुस्तिका, संपले.

सुरुवातीलाच दोन गैरसमज दूर करावेत. मुलांना रविवारी शिकवणारा प्रत्येक जण विधिपूर्वक नेमलेला धर्मशिक्षक नसतो. पोप फ्रान्सिस यांनी 10 मे 2021 रोजी धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले. ते बिशपांच्या हस्ते, विधीने मिळते आणि त्यामागे दीर्घ तयारी अपेक्षित असते. वाचकाचे विधिवत सेवापदही जानेवारी 2021 पासून स्त्रियांना खुले झाले आहे. दुसरा गैरसमज कौन्सिलचा. कॅनन 536 नुसार पास्टरल कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते असते. सोसायटीच्या सभेसारखे बहुमताने ठराव पास करून फादरांना बांधता येईल, अशा समजुतीने आलेली माणसे वर्षभरात रुसून बसतात. हिशेबाची आवड असेल तर फायनान्स कौन्सिल बघावी. कॅनन 537 ने ती प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची केली आहे आणि तिथे आकड्यांची जाण असलेली माणसे खरोखर हवी असतात.

लीजन ऑफ मेरी

फ्रँक डफ यांनी 7 सप्टेंबर 1921 रोजी डब्लिनमध्ये सुरू केलेली ही संघटना बाहेरून जुनाट दिसते. ध्वज, लॅटिन नावे, ठरलेला क्रम. पण नव्या माणसाला शिस्त लावण्याच्या बाबतीत चारही वाटांत हिच्याइतकी पक्की यंत्रणा दुसरी नाही.

आठवड्याला एक सभा, दीड तासाच्या आत. जपमाळेची पाच रहस्ये, आध्यात्मिक वाचन, मागच्या सभेचे इतिवृत्त, मग प्रत्येकाचा अहवाल. मध्यावर सगळे उभे राहून कतेना (लीजनची ठरलेली मरियेची प्रार्थना) म्हणतात आणि लगेच फादरांचे छोटे प्रवचन होते. सभेबाहेर आठवड्याला साधारण दोन तास प्रत्यक्ष काम, तेही जोडीने: आजाऱ्याची भेट, मिस्सेला येणे सोडलेल्या घराची चौकशी. किमान तीन महिने उमेदवारी, मग वचन. हे वचन पवित्र आत्म्याला उद्देशून असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

खरी घडण अहवालात होते. काम अध्यक्ष ठरवून देतात, तुम्ही निवडत नाही. आठवड्यानंतर सर्वांसमोर सांगायचे, "गेलो होतो, दार उघडले नाही." फुशारकी आणि टाळाटाळ दोन्ही तिथे उघडी पडतात. बिघाडही इथेच होतो. अहवाल "पाच घरे, दोन आजारी" असा आकड्यांत उरकू लागला की सभा हजेरीपटासारखी होते. मग जोडीदार ठरलेले राहतात, काम तेच राहते आणि माणूस वाढत नाही.

मध्य प्रदेशात आणखी एक काळजी घ्यावी. धर्म स्वातंत्र्य अधिनियम, 2021 मध्ये भेटवस्तू किंवा पैसाही धर्मांतराच्या प्रलोभनात मोडतो. लीजनच्या स्वतःच्या नियमानेही सदस्याने भेटीत वस्तुरूप मदत द्यायची नसते. डब्लिनमध्ये वेगळ्या कारणाने केलेला हा नियम इथे दुहेरी उपयोगाचा ठरतो. भेटी धर्मग्रामाच्या यादीतल्या घरांपुरत्या ठेवा. दवाखान्यात जायचे तर आधी परवानगी घ्या. सोबत शिध्याची पिशवी नको.

तृतीय संघ: फ्रान्सिस्कन आणि कार्मेल

तृतीय संघ म्हणजे एखाद्या संन्यासी संघाच्या वाटेने, पण संसारात राहून चालणाऱ्यांची शाखा. या दोन्हींना लोक एका ओळीत बसवतात, पण स्वभाव अगदी वेगळे. सेक्युलर फ्रान्सिस्कनांचा सध्याचा नियम पोप पॉल सहावे यांनी 24 जून 1978 रोजी मंजूर केला. घडणीचा काळ किमान एक वर्ष, त्यानंतरची प्रतिज्ञा आयुष्यभराची. भर असतो तो साधेपणावर, बंधुसंघावर, रोजच्या जगण्यात शुभवर्तमान उतरवण्यावर. सेक्युलर कार्मेलमध्ये संपर्काचे किमान सहा महिने, मग पहिल्या वचनापर्यंत साधारण दोन वर्षे, अंतिम वचनाआधी किमान आणखी तीन. रोज अर्धा तास मौन मनन, शिवाय सकाळ-संध्याकाळची प्रहर प्रार्थना (स्तोत्रांची ठरलेली प्रार्थना). एकदम दोन्हींचे सदस्य होता येत नाही.

इंदोरचे कॅथेड्रल असीसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे आहे. म्हणून तिथे सेक्युलर बंधुसंघ असेलच असे धरून चालू नका. स्थानिक गट जिवंत नसेल तर ही वाट घेऊ नये. एकट्याने पुस्तक वाचून तृतीय संघ होत नाही.

इथली चूक ठरलेली आहे. स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे कापडी चिन्ह) आणि प्रतिज्ञेचा दिवस आवडतो, पण घरच्यांना विचारलेले नसते. पहाटेच्या प्रार्थनेमुळे मुलांचे डबे नवऱ्यावर आले आणि त्याला कारणच माहीत नाही, तर वाद प्रार्थनेशी नसतो, न सांगण्याशी असतो.

इग्नेशियन साधना

पाचारणाचा, म्हणजे देव आपल्याला कशासाठी बोलावतो याचा, प्रश्न सरळ हातात घेणारी वाट हीच. जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या साधनेच्या पुस्तकातील एकोणिसावी सूचना नोकरी-संसार असलेल्यांसाठी आहे: घर न सोडता, रोज दीड तास, मार्गदर्शकाच्या सोबतीने. आजकाल ती बहुधा आठ-नऊ महिने चालते, दिवसाला सुमारे तास आणि आठवड्याला एक भेट. पुढे सोबत हवी असेल तर ख्रिश्चन लाइफ कम्युनिटीचे छोटे गट हीच पद्धत चालवतात. त्यांची मुळे 1563 मध्ये रोमला सुरू झालेल्या मरियेच्या सोडॅलिटीत आहेत.

निवडीबद्दलचे तिचे नियम कोणत्याही वाटेवर कामाला येतात. ज्या गोष्टीचा बंध कायमचा आहे ती पुन्हा निवडीला काढायची नाही. लग्न झालेल्या माणसाने "देव मला संसारातून बाहेर बोलावतो आहे का" हा प्रश्न घेऊन बसू नये, या संसारात काय करू हे विचारावे. मन कोरडे आणि उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. ही सूचना लोकांना माहीत असते. तिची दुसरी बाजू कमी जण पाळतात: उत्साहाच्या भरात असलेल्या माणसाला घाईने वचन किंवा नवस करू देऊ नये, असे चौदावी सूचना मार्गदर्शकाला बजावते. रिट्रीटच्या शेवटच्या दिवशी, डोळ्यांत पाणी असताना भरलेले फॉर्म याच सूचनेने थांबायला हवेत. मार्गदर्शकाने स्वतः कोणत्याही बाजूला झुकू नये, हे पंधरावीत आहे. तुमचा मार्गदर्शक पहिल्याच भेटीत "तुम्ही आमच्या गटात या" म्हणत असेल तर दुसरा शोधा.

मन शांत असूनही उत्तर सुचत नाही तेव्हाची रीत साधी आहे. घेण्याचे फायदे-तोटे आणि न घेण्याचे फायदे-तोटे अशा चार याद्या कागदावर करा. मग कधी न पाहिलेल्या माणसाला याच बाबतीत काय सल्ला दिला असता ते लिहा. मरणाच्या वेळी कोणता निर्णय घेतलेला आवडेल तेही. टिपणे मराठीतच ठेवा आणि मार्गदर्शकाला हिंदीत सार सांगा. परक्या भाषेत लिहिलेली मनःस्थिती नकळत सभ्य होऊन जाते.

ही वाट बिघडते ती मार्गदर्शकाविना. मोबाइलवरची ध्वनिफीत ऐकून साधना सुरू केली की आपणच आपले परीक्षक होतो.

कुणी काय घ्यावे

पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळीत काम असेल तर लीजनची साप्ताहिक सभा दर तिसऱ्या आठवड्याला चुकेल आणि महिन्यातून एकदा भेटणारा तृतीय संघ जमेल. आठवडा ठरलेला असेल आणि प्रार्थनेची सवयच नसेल तर लीजन घ्या. आठवड्याच्या साडेतीन तासांत सवय, काम आणि जाब विचारणारी माणसे तिन्ही मिळतात. आधीपासून रोज प्रार्थना होते, काम करायला आवडते, पण "नेमके कशासाठी" हे कळत नाही, अशांनी एक वर्ष कोणतेही पद न घेता इग्नेशियन साधना करावी. फादर नाराज होतील, होऊ द्यावे. पास्टरल कौन्सिल पुढच्या वर्षीही असेल. कार्मेल मात्र ज्यांना रोज अर्धा तास गप्प बसणे जड जात नाही त्यांच्यासाठीच.

निवडण्याआधी त्या गटाच्या दोन सभांना पाहुणा म्हणून बसा आणि तिथून कुणी सोडून गेले असेल तर का गेले ते विचारा. उत्तर टाळले गेले तर ते नोंदवून ठेवा.

पूर्णवेळ धर्मशिक्षकाचे काम पुढ्यात आले असेल तर मानधन, सुट्टी आणि आजारपणाची सोय लेखी मागायला संकोच करू नका. योग्य मोबदला आणि सामाजिक संरक्षण हा त्याच कॅनन 231 च्या दुसऱ्या परिच्छेदातला हक्क आहे.